सोमवार, बुधवार, शुक्रवारचा उपग्रह

३ मार्च १९७६, राखेचा बुधवार. सकाळी साडेसात.

कपाळावर राख आहे तोवरच लिहून घेतो. ईस्टरपर्यंतचे ठराव: एक, संध्याकाळचा पेग बंद. दोन, या वहीत खोटं लिहायचं नाही. तीन, सासूबाईंवर चिडायचं नाही. चार, वर्क्स मॅनेजर व्हायचं.

चौथ्याचं असं आहे. साकीनाक्याला आमच्या वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं मी आधी रेडिओ आणि मग व्होल्टेज स्टॅबिलायझर जोडतोय. काल श्यामसुंदर शेठनी मला आणि सहदेवला केबिनमध्ये बोलावलं. गेल्या ऑगस्टपासून सरकार उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवतंय. शाळेच्या छपरावर जाळीची मोठी डिश लावतात. ती वाऱ्याने हलली की परत नीट उपग्रहाकडे तोंड करून देणारं गावात कोणी नसतं. शेठ म्हणाले, आपण स्वतःच उपग्रह शोधणारी डिश काढू. मी म्हटलं, त्यात काय, दोन महिन्यांत देतो. सहदेवने वही काढली. अठ्ठावीस एप्रिलला सरकारी साहेब बघायला येणार. डिश चालली तर अँटेनाचं नवं डिपार्टमेंट, आणि वर्क्स मॅनेजर मी. नाही चालली तर स्टॅबिलायझरच वाढवायचे, आणि मॅनेजर सहदेव.

सहदेव सव्वीस वर्षांचा आहे. डिप्लोमा आहे. मला काका म्हणतो. मी बेचाळीस. काका कुठला.

५ मार्च, संध्याकाळ.

डिश घरी आली. वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर आणि उपग्रहाच्या बाजूला, पश्चिमेला, गिरणीची भिंत, म्हणून शेठना मी आमची मरोळ गावातली गच्ची देऊ केली. दहा फुटी डिश हातगाडीवरून येताना सगळं गाव दारात. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याचीच असते, त्यामुळे धाकूने विचारलं, बर्नार्ड, कोंबड्या कधी येणार. धाकू शेजारी आहे, जास्त काही नाही.

कॉन्सेप्टा म्हणाली, ईस्टर झाला की गच्ची मला लागेल. बायकोचं म्हणणं बरोबर आहे, वर्षाचा मसाला करायचा तर मिरच्या गच्चीवरच वाळतात. मी म्हटलं, ईस्टरला तू वर्क्स मॅनेजरच्या बायकोसारखी मिरच्या वाळवशील. ती म्हणाली, म्हणजे कशा वाळवायच्या.

९ मार्च.

कामाची पद्धत लिहून ठेवतो, पुढे पेपरवाल्यांना लागेल.

डोळे बांधलेल्या पोराला बाकीची पोरं ओरडून सांगतात ना, जवळ आलास, लांब गेलास, तसंच. मोटर डिशला थोडी हलवते. मीटरची सुई शून्य ते शंभर. सुई चढली तर त्याच बाजूला आणखी थोडी. पडली तर मागे. असं करत करत डिश जिथे सुई सगळ्यात वर तिथे थांबते. तिथे उपग्रह. पोरखेळ आहे.

टीव्हीवर चित्र आणणारा डबा फक्त सरकारी ऑफिसात मिळतो, तो साहेब येताना आणतील. तोवर माझ्याकडे मीटर आहे. चित्र काय, शेवटी चैनीची गोष्ट. खरं काय ते मीटर सांगतो.

मोटर फियाटच्या वायपरची. झकास आहे.

११ मार्च, संध्याकाळी सात.

उपग्रह संध्याकाळी सहाला सुरू होतो. आज पहिली ट्रायल. सहाला पाच मिनिटं असताना सासूबाई खुर्ची आणि जपमाळ घेऊन गच्चीवर आल्या आणि बरोबर डिशच्या समोर बसल्या. त्यांचा नियमच आहे, संध्याकाळचं वारं गच्चीवर घ्यायचं. मी म्हटलं, आई, जरा बाजूला. त्या म्हणाल्या, कंबर धरली आहे रे, उठवत नाही. मग प्रत्येक मिनिटाला प्रश्न. उपग्रह कुठे आहे. दिसत का नाही. दिसत नाही तर आहे कशावरून.

डिश इकडून तिकडे नाचली. सुई तापातल्या माणसासारखी थरथरत होती. चिडलो नाही. म्हणजे मोठ्याने चिडलो नाही.

१३ मार्च.

मोठा शोध. डिश हलली की सुई चढते, थांबली की पडते. म्हणून ती परत हलते. अर्धा तास गोल गोल फिरली, थांबेचना. निष्कर्ष असा की सिग्नल सगळ्या आकाशात भरून राहिलाय.

सहदेव बघायला आला होता. म्हणाला, काका, मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात, रिसीव्हर त्याच मोजतोय. मोटर थांबली की मग मोजा. आणि आणखी एक, मोजण्याआधी डिशचं तोंड एकदा रिकाम्या आकाशाकडे करून रिकामी सुई कुठे राहते ते लिहून ठेवा.

ब्रशचं मी आधीच ओळखलं होतं, फक्त बोललो नव्हतो. रिकामं आकाश मोजण्याचं मात्र हसण्यासारखं आहे. जिथे काही नाही ते मोजून काय हातात येणार. डिप्लोमावाल्यांना वेळ भरपूर असतो.

१५ मार्च, सोमवार.

सासूबाईंचा प्रश्न सोडवला. चर्चमागच्या गल्लीत, म्हणजे आमच्यापासून तीन घरं पलीकडे, डॉक्टर हर्बर्टनी शेक द्यायचं नवं परदेशी मशीन आणलंय. दोन गाद्यांच्या मध्ये कंबर ठेवायची, बटण दाबलं की हाडापर्यंत ऊब. आत रेडिओच्याच लहरी असतात म्हणे. ऐकून मला बरं वाटलं, शेवटी आपलीच लाईन.

डॉक्टरना भेटून सोमवार, बुधवार, शुक्रवार, बरोबर सहाची वेळ बांधून घेतली. ते म्हणाले, सकाळी या ना, शेक मी सकाळीच देतो. मी म्हटलं, सहाच. सासूबाईंना सांगितलं, आई, तुमची कंबर मला बघवत नाही. त्यांचे डोळे भरून आले. चिडण्यापेक्षा हे किती चांगलं. ठराव क्रमांक तीन अक्षरशः पाळला जातोय.

१७ मार्च, बुधवार. संध्याकाळी सव्वासात.

लागला.

ठिणग्या दाबायला मोटरला कपॅसिटर लावला, आणि थांबल्यावरच मोजायचं असं सर्किट केलं. पावणेसहाला सासूबाईंच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या, त्या निघाल्या. सहाला स्विच. डिश जरा भटकली, मग कशी ठरवून गेली, डावीकडे, खाली, आणखी खाली, आणि थांबली. सुई ब्याण्णव. जागची हलेना.

तोंड फारच खाली आहे हे खरं. सरकारी कागदावर उपग्रह त्रेचाळीस अंश वर लिहिलाय. माझी डिश धाकूच्या नारळाखालून चर्चमागच्या गल्लीकडे बघते. छापण्यात चूक असेल.

१८ मार्च, गुरुवार.

आज सासूबाई घरी, गच्चीवर खुर्ची टाकून. डिश वर तोंड करून चोवीसवर थांबली. कालचे ब्याण्णव आणि आज चोवीस. म्हटलं ना, ही बाई समोर बसली की काम होत नाही.

२३ मार्च, मंगळवार.

हिशेब मांडला. शुक्रवारी ब्याण्णव. काल सोमवारी त्र्याण्णव. शनिवारी आणि आज तेच वरचं तोंड आणि चोवीस. तर उपग्रह सोमवार, बुधवार, शुक्रवारी जोरात असतो, बाकीचे वार ढिला. हे ऑफिसने कुठेच लिहिलेलं नाही. बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

चोवीस म्हणजे कचरा. तिथे डिश थांबते हीच गडबड. आता सेटिंग असं केलंय की सुई ऐंशीच्या खाली असेल तर थांबायचंच नाही, शोधत राहायचं. दर्जा म्हणजे दर्जा.

२६ मार्च, शुक्रवार.

खाली तोंड का, याचं उत्तर सापडलं. त्या गल्लीच्या सरळ रेषेत पुढे जुहू. समुद्र म्हणजे आरसा. उपग्रहाचा सिग्नल पाण्यावर आपटून तिरका आपल्या गच्चीवर येतो, आणि सरळपेक्षा चौपट जोरात येतो. शेठना फोनवर समजावलं. ते बरं बरं म्हणाले आणि फोन ठेवला. भारावले असावेत.

साडेसहाला सुई एकदम पडली. मी तोवर काम आटपलेलंच होतं. तज्ज्ञाने थकेपर्यंत काम करू नये.

२ एप्रिल, शुक्रवार.

चौऱ्याण्णव. काल गावातल्या विल्हेलनच्या बाळाच्या बारशाला अर्धा पेग घ्यावा लागला. बारसं म्हणजे धार्मिक विधी, ठरावात बसतं.

११ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.

मिरवणुकीत सासूबाई झावळी धरून चर्चपासून परत चर्चपर्यंत ताठ चालल्या. सगळं गाव बघत राहिलं. त्यांनी शेजारच्या सुगंधाला माझ्यादेखत सांगितलं, माझ्या जावयाने केलं हे, पोटच्या पोराने केलं नसतं. मी मान खाली घातली. नम्रपणा असावा.

१२ एप्रिल, सोमवार.

सासूबाई पावणेसहाला म्हणाल्या, आज राहू दे रे, मी गच्चीवर बसते. मी म्हटलं, आई, औषधाचा कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. चपला सरळ करून ठेवल्या होत्याच. त्यांनी चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेल्या. किती जपतो मी त्यांना.

पंच्याण्णव. आजवरचा उच्चांक.

१६ एप्रिल, गुड फ्रायडे. संध्याकाळ.

आज शुक्रवार असून चोवीसच्या वर सुई हलली नाही. डिश वेड्यासारखी शोधत फिरली. दवाखाना बंद, दुकानं बंद, सगळं गाव प्रार्थनेत. सासूबाई घरीच. मी फार वेळ विचार केला. जगातले एवढे मोठे लोक तो उपग्रह चालवतात, त्यांतले बहुतेक ख्रिस्तीच असणार. गुड फ्रायडेला जोर कमी ठेवत असतील. मनाला फार भिडलं.

प्रयोग करायला नको होता आज. देव माफ करो.

१८ एप्रिल, ईस्टर.

उपास संपले. दोन पेग, मग दुपारचे दोन. जेवणाला जमलेल्या सगळ्यांना सांगून टाकलं की अठ्ठावीस तारखेपासून मी वर्क्स मॅनेजर. कॉन्सेप्टाने टेबलाखालून पाय दाबला. टाळ्या वाजल्या. सासूबाईंनी सगळ्यात जास्त वाजवल्या.

२० एप्रिल, मंगळवार.

सहदेव न सांगता आला. रिकाम्या आकाशाकडे तोंड करून मोजलं, दोन. उपग्रह कागदावर आहे तिथे तोंड करून मोजलं, चोवीस. वहीत लिहून घेतलं. म्हणाला, काका, चोवीस हाच खरा असेल, ब्याण्णव मला पटत नाही, डिश दवाखान्याकडे बघते. मी त्याला जुहूचा आरसा समजावला. तो म्हणाला, जुहूला समुद्र रोज असतो ना काका, फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवारी कसा.

लहान मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मला वेळ नाही. अठ्ठावीसला बुधवार आहे. माझा वार.

२७ एप्रिल.

कॉन्सेप्टाने मिरच्या आणल्या. गोणी जिन्यात. म्हणते, कुटणाऱ्या बायका पुढच्या आठवड्यात येणार, ऊन वाया चाललंय. मी म्हटलं, एक दिवस थांब. एकोणीस वर्षं थांबलो मी.

खरंच थांबलोय मी एकोणीस वर्षं. शेठ माझं नाव अजून बर्नाड असं लिहितात, रफार न देता. मॅनेजरच्या दाराच्या पाटीवर बरोबर लिहून घेईन.

२८ एप्रिल, बुधवार. रात्री आठ.

सविस्तर लिहितो. ठराव क्रमांक दोन.

पावणेसहाला सासूबाई दवाखान्यात. जाताना माझ्या कपाळावर क्रूस काढून गेल्या. सहाला शेठ, सहदेव आणि सरकारी साहेब गच्चीवर. साहेबांचा डबा आणि टीव्ही टेबलावर. शेजारच्या गच्चीवर धाकू आणि सुगंधा, जिन्यात निम्मं गाव. मी स्विच दाबला. डिश उठली, वर गेली, थांबली नाही, वळली, आणि डोकं खाली घालून नारळाखाली जाऊन बसली. सुई पंच्याण्णव. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब डिशच्या तोंडाकडे बघत म्हणाले, आकाश वर असतं ना. मी जुहूचा आरसा सांगितला. साहेबांनी तो पूर्ण ऐकून घेतला, सभ्य माणूस. मग टीव्ही लावला. पडद्यावर तिरक्या पट्ट्या. नुसत्या पट्ट्या.

साहेबांनी उठून दोन्ही हातांनी डिश वर उचलली. तर चित्र. एक माणूस बैलाचा खूर हातात घेऊन तेलुगूत काहीतरी समजावत होता. अगदी स्पष्ट. सगळे वा म्हणाले. मीही म्हणालो. तेवढ्यात मोटर खर्र करून सुरू झाली आणि डिश साहेबांच्या हातातून सुटून परत नारळाखाली. साहेबांनी परत उचलली. बैल. खर्र. पट्ट्या. असं तीनदा. साहेब घामाघूम. शेठ म्हणाले, बर्नार्ड, ती बंद कर ना. मी म्हटलं, शेठ, ऑटोमॅटिक आहे.

सहदेव कधी खाली उतरला मला कळलं नाही. एकाएकी सुई पंच्याण्णववरून चोवीसवर. मग परत पंच्याण्णव. परत चोवीस. असं चार वेळा. मी साहेबांना सांगत होतो की ढग जातायत. आकाशात ढग नव्हता.

मग जिन्यातून सहदेव, डॉक्टर हर्बर्ट आणि कमरेला टॉवेल गुंडाळलेल्या सासूबाई वर आल्या. सहदेवने हळूच शेठना सांगितलं की डॉक्टरनी मशीन बंद केलं की सुई पडते, चालू केलं की चढते. आवाज न चढवता सांगितलं, तेवढं मान्य करतो. डॉक्टर म्हणाले, माझा काय दोष, मी सकाळी या म्हणत होतो, यांनीच सहाची वेळ मागून घेतली, सोमवार, बुधवार, शुक्रवार.

धाकू पलीकडच्या गच्चीवर खाली बसून हसत होता. सासूबाईंनी डिशकडे बघितलं, नारळाखालून आपल्या दवाखान्याकडे बघितलं आणि विचारलं, म्हणजे तो उपग्रह मी होते का रे.

इथपर्यंत ठीक होतं. पण कॉन्सेप्टा रागात सगळ्यांसमोर बोलून गेली, आईला गच्चीवरून हटवायला तूच पाठवत होतास ना. मी नाही म्हणणार होतो. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणता आलं नाही. त्या टॉवेल सावरत खाली गेल्या.

साहेबांनी सहदेवची वही मागून घेतली. रिकामं दोन, उपग्रह चोवीस. बराच वेळ वाचली.

३० एप्रिल, शुक्रवार.

सहदेव वर्क्स मॅनेजर. साहेब अँटेनाच्या कामाला हो म्हणाले, म्हणून डिपार्टमेंट उघडणार, पण ते सहदेवचं. मी त्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, काका, तुमच्याशिवाय जमणार नाही. बोलायला काय लागतं. पण मला वाटतं तो मनापासून बोलला. हे मला जास्त लागलं.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. गच्चीवरही येत नाहीत. पावणेसहाला मी सवयीने दारात गेलो. चपला आत खाटेखाली होत्या.

३ मे, सोमवार. संध्याकाळी सात.

नव्या मॅनेजरची पहिली ऑर्डर माझ्या नावावर. डॉक्टरच्या मशीनचा सिग्नल गावभर जातो, त्याला जाळीचा पिंजरा करून दे. जाळी कुठली, तर डिशची. सकाळी डिश कापली. गच्ची मोकळी झाली, कॉन्सेप्टाने दुपारीच मिरच्या पसरल्या.

संध्याकाळी सहाला मशीन आणि खाट यांच्याभोवती जाळी ठोकली. चालू करून बघायचं तर आत कोणीतरी झोपायला हवं. डॉक्टर म्हणाले, थांबा, पेशंट येईल. पेशंट कोणी आला नाही. सासूबाई आल्या. स्वतःहून. कोणाकडेही न बघता पिंजऱ्यात जाऊन आडव्या झाल्या.

मी बाहेर स्टुलावर मीटर घेऊन बसलो. डॉक्टरनी बटण दाबलं. सुई हलली नाही.

सासूबाई छताकडे बघत बोलल्या. म्हणाल्या, गच्चीवरून काढतोस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मी काही खुळी नाही. मी म्हटलं, आई, मग जात का होता. त्या म्हणाल्या, आधी कंबर दुखत होती म्हणून. झावळ्यांच्या रविवारपासून तर कंबर साफ बरी झाली. तुला सांगायलाही आले होते, पण तू चपला सरळ करून दारात उभा. साठ वर्षांत माझ्या चपला कोणी सरळ करून ठेवल्या नव्हत्या रे. म्हणून गेले. दर वेळी गेले.

म्हणजे झावळ्यांच्या रविवारनंतर त्या घरी बसल्या असत्या, तर सुई रोजच चोवीस राहिली असती आणि चोवीस म्हणजे काय हे मला दोन आठवडे आधी कळलं असतं. हे सहदेवला सांगणार नाही. कॉन्सेप्टालाही नाही. इथे लिहिलंय ते ठराव क्रमांक दोनमुळे, तो ईस्टरला संपला असला तरी.

सुईकडे बघत बसलो. सुई शून्यावर होती.

साडेसहाला डॉक्टरनी मशीन बंद केलं. सासूबाई उठून बसल्या आणि पायाने चपला चाचपू लागल्या. मी मीटर खाली ठेवला आणि त्या सरळ करून दिल्या.